गप्प बसायचे पाचशे रुपये

पेटीवाला_पुणे

मंडळी, गेल्या रविवारी भाच्याच्या आग्रहाखातर एका छोट्या सभागृहात 'नव्या संगीता'च्या मैफलीला गेलो होतो. तिकीट पाचशे रुपये, मध्यंतराचा चहा धरून. पहिल्या दोन रचना कळल्या नाहीत, पण निदान ऐकू तरी आल्या. तिसऱ्या खेपेला एक तरुण पियानोवादक आला, नमस्कार केला, स्टूल सारखं केलं, पियानोचं झाकण लावलं आणि मांडीवर हात ठेवून बसला. मधे दोनदा झाकण उघडून पुन्हा लावलं. समोर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघत होता. साडेचार मिनिटांनी उठला, परत नमस्कार. टाळ्या!

भाचा म्हणतो, "मामा, हे जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचं 'चार मिनिटं तेहेतीस सेकंद'. जगभर गाजलंय."

मी चाळीस वर्षं पेटी वाजवतोय. भजनी मंडळ, गणपती, अधूनमधून एखाद्या गवयाची साथ. वाजवण्याचे पैसे कधी फारसे मिळाले नाहीत. न वाजवण्याचे मिळतात हे आधी कुणी सांगितलं असतं तर आतापर्यंत बंगला झाला असता.

एक मात्र प्रामाणिकपणे कबूल करतो. त्या साडेचार मिनिटांत शेजारच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर लागला होता. पहिली शिट्टी झाली, मग बराच वेळ काहीच नाही. दुसरीची वाट बघत मी कानांत प्राण आणून बसलो. ती झाली तेव्हा वादकाने नेमकं झाकण उघडलं. माझ्या शेजारच्या बाईंच्या तोंडून चक्क "वा" निघालं. आता त्या संध्याकाळचं मला पहिल्या दोन रचनांमधलं काही आठवत नाही, कुकर आठवतो. घरी येऊन पेटीवर सूर शोधला. पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी होता, म्हणजे पेटीवर नव्हताच.

तर प्रश्न असा : हे संगीत आहे का? आणि 'प्रयोग' म्हटलं की काहीही खपवून घ्यायचं का?

खवट_खोबरं

पाचशे रुपयांत चहा तरी बरा होता का?
आमच्याकडे दर सोमवारी ऑफिसात ही रचना होते. साहेब बोलतात, आम्ही चाळीस मिनिटं वाजत नाही.

तीनताल_सोळा
खालीचं काय करायचं?

पेटीवाले काका, आधी आपल्या घरात बघू. तीनतालात नवव्या मात्रेला आपण टाळी देत नाही, हात हवेत उडवतो. ती खाली. त्या भागात डग्ग्याची घुमारी काढून घेतात. ऐकणाऱ्याला आवर्तन कुठे आलं ते कळतं, त्याचं निम्मं श्रेय या काढून घेण्याला आहे. दमदार तिहाई घ्या. तीनदा तोच तुकडा, मधल्या दोन जागी 'दम', म्हणजे मोजून सोडलेली जागा. दम चुकला तर तिहाई समेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे जाऊन पडते आणि सगळी मैफल तुमच्याकडे बघते. गुरुजींनी मला बोल शिकवायला एक वर्ष घेतलं असेल, दम शिकवायला पाच.

म्हणजे न वाजवणं हे वाजवण्यातलंच आहे, इथवर मी केजसाहेबांबरोबर. पुढे मात्र पाय अडखळतो. आमचा दम दोन्ही बाजूंनी बोलांनी धरलेला असतो. यांनी बोलच काढून टाकले.

जोशीबुवा

वर तबलजींनी अर्धं सांगितलं, उरलेलं मी सांगतो. ज्या विद्येत नापास होता येत नाही ती विद्या नव्हे. मला पियानोतलं ओ की ठो कळत नाही, तरी ही रचना मी आज रात्री जेवण झाल्यावर निर्दोष सादर करून दाखवतो. ज्याने वीस वर्षं पहाटे उठून खर्ज भरलाय त्याच्याशेजारी याला बसवायचं आणि दोघांनाही 'कलावंत' म्हणायचं? मग तो शब्द ठेवायचाच कशाला?

आणि प्रयोगाबद्दल. प्रयोगशाळेत प्रयोग फसतो. लिटमस लाल व्हायला हवा होता, झाला नाही, संपलं. या मंडळींचा प्रयोग कधी फसतच नाही. आवडला तर ते थोर, नाही आवडला तर तुम्ही अडाणी. चित्रांतही तेच. एक रंग फासायचा आणि कोटींचे आकडे.

रंगारी_बोरिवली

बुवा, चित्रांवरून इतक्या झपाट्याने जाऊ नका. तुमचा रोख चित्रकार वासुदेव गायतोंड्यांवर असेल तर ते एक रंग 'फासत' नव्हते. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. वर्षाला मोजकीच चित्रं व्हायची. जे. जे.तून १९४८ ला बाहेर पडलेला माणूस, रेषा नीट येत नव्हती म्हणून तिकडे वळला असं नाही. स्वतःच्या कामाला 'अमूर्त' म्हणायलाही तयार नसत. आकडे लिलाववाल्यांचे, ते गेल्यावरचे. ते जगले दिल्लीतल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत.

माजघर
वाचतेय. मागच्या बाकावर आहे.

गच्चीवरचा_रेडिओ
हा साहेब आपल्याकडून काय घेऊन गेला

या रचनेवर सगळे हसतात तेव्हा तिच्यामागची एक भारतीय बाई कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला प्रयोग २९ ऑगस्ट १९५२ चा. न्यूयॉर्क राज्यातलं वुडस्टॉक, झाडीतलं मॅव्हरिक नावाचं लाकडी सभागृह. पियानोवर डेव्हिड ट्यूडर. तीन भाग : ३० सेकंद, २ मिनिटं २३ सेकंद, १ मिनिट ४० सेकंद. काकांनी पाहिलेलं झाकण उघडणं-लावणं हे भाग सुरू झाला, संपला हे सांगण्यासाठी. केज पुढे सांगत असे की पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पाऊस, आणि तिसऱ्यात लोकांनीच कुजबुजून, उठून जाऊन आवाज पुरवला.

त्याआधी तो हार्वर्डला एका निनादहीन खोलीत गेला होता, जिथे आवाज भिंतींत जिरून जातो. तिथे पूर्ण शांतता मिळेल अशी अपेक्षा होती. त्याला दोन आवाज ऐकू आले, एक बारीक, एक खर्जातला. तिथला इंजिनिअर म्हणाला, बारीक तो तुमच्या मज्जासंस्थेचा, खर्जातला रक्ताभिसरणाचा. त्या इंजिनिअरचं शरीरशास्त्र कितपत पक्कं होतं ते सोडा. केजने घेतलेला अर्थ एवढाच की शांतता नावाची गोष्ट नाही, आपण ज्याकडे लक्ष देत नाही त्या आवाजांना शांतता म्हणतो.

आता ती बाई. गीता साराभाई, अहमदाबादच्या प्रसिद्ध साराभाई घराण्यातल्या, पखवाज शिकलेल्या. त्या काळात बाईने पखवाज वाजवणं हाच एक प्रयोग होता. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या, कारण पाश्चात्त्य संगीताचा आपल्या संगीतावर परिणाम होतोय याची त्यांना काळजी होती आणि शत्रू आधी नीट समजून घ्यावा असं वाटत होतं. केजने त्यांना शिकवायचं कबूल केलं. फी नाही. बदल्यात त्यांनी त्याला भारतीय संगीत शिकवायचं. एकदा त्याने विचारलं, तुमचे गुरू संगीताचं प्रयोजन काय सांगतात? उत्तर मिळालं : मन शांत, स्थिर करायचं, म्हणजे ते ईश्वरी प्रभावाला मोकळं होतं. केज हे आयुष्यभर सांगत राहिला. निघताना गीताबेननी त्याला रामकृष्ण परमहंसांच्या संवादांचं पुस्तक दिलं. त्याच सुमाराला त्याने पियानोच्या तारांत स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून जी वीस तुकड्यांची रचना केली, ती आपल्या रसांवर बेतलेली होती.

तेव्हा 'परदेशी खूळ' म्हणताना जरा जपून. बियाणं इथलंच असावं असा दाट संशय आहे.

जोशीबुवा

रेडिओबुवा, माहिती उत्तम. पण तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. 'मन शांत करायचं' हे प्रयोजन झालं. त्यासाठी आमच्याकडे चार सूर लावून तंबोरा छेडतात. प्रयोजन सांगितलं म्हणजे काम झालं, असं होत नाही. स्वयंपाकाचं प्रयोजन पोट भरणं आहे, म्हणून रिकामं ताट वाढायचं का?

गच्चीवरचा_रेडिओ

रिकामं ताट कुठे? काकांच्या ताटात कुकर होता की.

विंगेतला_माणूस
नापास होता येतं

मी नाटकवाला. आयुष्य पडदा ओढण्यात आणि प्रॉम्प्टिंगमध्ये गेलं. बुवा म्हणतात रात्री जेवण झाल्यावर निर्दोष सादर करतो. करा. चाळीस माणसं समोर बसवा आणि साडेचार मिनिटं काही न करता बसा. तिसाव्या सेकंदाला नाक खाजेल. मिनिटाभराने तुम्ही कसनुसं हसाल, आणि तुम्ही हसलात की समोरचे हसणार. मग ते कुकर ऐकत नाहीत, तुमच्याकडे बघतात. म्हणजे पडलं. नव्या नटाला पानभर संवाद देता येतो, पण 'तू नुसता उभा राहा' सांगितलं की त्याला स्वतःचे हात कुठे ठेवायचे कळत नाही.

दुसरं, तुमच्या लिटमसबद्दल. आपण नाटकाच्या प्रत्येक खेळाला 'प्रयोग' म्हणतो. आज शुभारंभाचा प्रयोग, आज हजारावा प्रयोग. हजार वेळा केलं तरी प्रयोगच, कारण आज काय होईल हे आजच कळतं. आणि त्यातले 'प्रायोगिक' तेवढे वेगळ्या पंगतीला बसवायचे, ही आपलीच गंमत.

दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये सत्तरच्या दशकात आणि पुढे जे चालायचं ते मी पाहिलंय. ना विंगा धड, ना खुर्च्या धड. खाली दादरचा बाजार, नटाने पॉज घेतला की त्यात एखादा भाजीवाला ओरडायचा. त्यातली बरीच नाटकं पडली, आणि पडायच्याच लायकीची होती. मी स्वतः दोनांत डुलक्या काढल्यात. पण तिथे बोलायची, उभं राहायची जी तऱ्हा तयार झाली ती पुढे व्यावसायिक रंगभूमीने निमूटपणे उचलली. श्रेय कुणी दिलं नाही. ते असो.

पेटीवाला_पुणे

विंगेतल्या भाऊ, बरोबर. भाचा म्हणाला, तालमीत हा मुलगा दोनदा हसला होता.

सांगली_संस्थान
काका, तुमच्या कुकरचा सूर आम्ही पेटीवर आणला होता

पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे सूर आहे पण पेटीवर नाही, ही तक्रार शंभर वर्षांची आहे. आमच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी बावीस श्रुतींचं, म्हणजे सुरांच्या मधल्या बारीक सुरांचं, गणित मांडलं. क्लेमेंट्स नावाचा इंग्रज अधिकारी त्यांना सामील झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून स्वर तपासले आणि श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली. तिथल्या जाणकारांनी ती मानली नाही. गवई गातो तो स्वर आणि ही पेटी सांगते तो स्वर जुळेना.

बुवा, घ्या तुमचा फसलेला प्रयोग! सगळ्यांसमोर, लिटमससकट.

गंमत पुढे आहे. श्रुतीची पेटी हरली आणि साधी बारा सुरांची, जिला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, जी फिरंग्यांकडून आली, ती जिंकली. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली. रवींद्रनाथही तिच्या विरोधात होते. बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. तोवर गावोगावच्या भजनी मंडळांनी ती इतकी आपलीशी केली होती की आज पेटीशिवाय भजन म्हटलं तर लोक विचारतात, पेटीवाला आजारी आहे का? मनोहर चिमोट्यांनी तिच्यात सुधारणा करून 'संवादिनी' असं नाव दिलं आणि एकलवादनाला बसवली. श्रुतींचा किडा अजून मेलेला नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा केली आहे.

तेव्हा पेटीवाले काका, तुम्ही 'प्रयोगाच्या नावाखाली काहीही' म्हणताय तेव्हा तुमच्या मांडीपाशी काय ठेवलंय ते एकदा बघा.

पेटीवाला_पुणे

बघितलं. गप्प बसतो. (फुकट.)

तीनताल_सोळा

कुमारजींचं, म्हणजे कुमार गंधर्वांचं, नाव अजून कसं निघालं नाही?

माळव्याची_माती
निघालं

वय ७८. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

१९४८ ला क्षयामुळे कुमारजी देवासला आले. गाणं बंद. पाच-सहा वर्षं अंथरुणावर. बाहेरून भिकाऱ्यांची, जोग्यांची, बायकांची गाणी कानावर पडायची. गाता येत नव्हतं म्हणून ऐकत राहिले. (वरच्या निनादहीन खोलीवरून हेच आठवलं.) उठले तेव्हा एक फुप्फुस जवळपास निकामी होतं. लांब दमाची तान शक्य नव्हती. मग छोट्या, तुटक, फेकलेल्या जागा आल्या. त्या लोकधुनांतून त्यांनी राग उभे केले, त्यांना धुनउगम राग म्हणायचे. माळवती, लगनगांधार, सहेली तोडी. १९६५ ला 'अनूपरागविलास' छापून स्वतःच्या बंदिशी लोकांसमोर ठेवल्या.

आज सगळे हात जोडतात. तेव्हा जोडत नव्हते. माझे वडील ग्वाल्हेरच्या गायकीत वाढलेले. कुमारजींच्या मैफलीतून येताना टांग्यात म्हणाले, "आवाज देवाने दिलाय, पण हा मुलगा ख्यालाचे तुकडे करतोय." मी वडिलांशी चार दिवस बोललो नाही. आता वाटतं, वडील ऐकत होते ते खरंच होतं. तुकडे होतेच. मला ते तुकडे हवे होते आणि त्यांना अखंड वस्त्र.

आणि सगळंच टिकलं असंही नाही. गांधी शताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांनी गांधी मल्हार केला. आज कोण गातं? मी स्वतः आदराने ऐकतो, आनंदाने नाही.

जोशीबुवा

माळव्याच्या बाबांना साष्टांग नमस्कार. हे पटलं. पण बघा, कुमारांना घराणं येत होतं म्हणून मोडता आलं. देवधर मास्तरांकडे शिकले होते.

गच्चीवरचा_रेडिओ

केजही शोनबर्ग या नामवंत संगीतकाराकडे शिकला होता, बुवा. शोनबर्ग त्याला म्हणाला होता की तुला हार्मनीची जाण नाही, तू पुढे भिंतीवर जाऊन आपटशील. केज म्हणाला, मग मी त्या भिंतीवर डोकं आपटत राहीन. तेवढं मात्र त्याने इमानाने केलं.

एल्बेकाठची_काकू
६३९ वर्षांची मैफल

मी जर्मनीत राहते, हाल्बरश्टाट माझ्यापासून ट्रेनने तासाभरावर. तिथे बुर्खार्डी नावाचं जुनं चर्च आहे. मधल्या काळात ते धान्याचं कोठार होतं, डुकरंही बांधली होती. तिथे केजची एक ऑर्गनची रचना चालू आहे. सूचना एवढीच : शक्य तितकं सावकाश. १९८७ ला ऑर्गनवर पहिल्यांदा वाजली तेव्हा अर्ध्या तासात संपली. मग काही मंडळींनी वाद घातला की ऑर्गनवर 'शक्य तितकं' म्हणजे किती? वारा भरत राहिला तर सूर थांबतच नाही. गावात १३६१ साली मोठा ऑर्गन बसवला होता, तिथपासून २००० पर्यंत ६३९ वर्षं. तेवढं लांब वाजवायचं ठरलं. ५ सप्टेंबर २००१ ला सुरुवात, आणि रचनेच्या सुरुवातीलाच विराम असल्याने पहिले सतरा महिने नुसता वारा. पहिला सूर २००३ च्या फेब्रुवारीत. संपणार २६४० ला.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांना घेऊन गेले. गेल्यावर आधी गार हवा, मग तो आवाज. मोठा नाही. ऑर्गनभोवती काचेसारखी पेटी आहे, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून. पट्ट्या दाबून धरायला वाळूच्या छोट्या पिशव्या लटकवल्यात. मी आल्या आल्या मोबाइल काढला. सासूबाईंनी भिंतीला धरून एक फेरी मारली, दुसरी मारली. म्हणाल्या, "अगं, इथे उभं राहिलं की वेगळा ऐकू येतो, तिथे वेगळा. तंबोऱ्यासारखं आहे. फक्त गाणारा अजून आला नाही."

सूर बदलायचा दिवस असतो तेव्हा जगभरातून लोक येतात. २०१३ ते २०२० मधे सात वर्षं काहीच बदललं नव्हतं. ५ फेब्रुवारी २०२४ ला बदलला, त्यानंतरच्या बदलाची तारीख ५ ऑगस्ट २०२६. हे संगीत आहे का मला सांगता येणार नाही. आपण मेल्यावर सहाशे वर्षांनी पुढचा सूर कुणीतरी लावेल असा भरवसा धरून माणसं पिशव्या लटकवतात, याचं मला अप्रूप वाटतं. वीज गेली तर काय, हाही प्रश्न पडलाच. पुण्याची सवय.

खवट_खोबरं

२६४० पर्यंत आमच्या चौकातला उड्डाणपूलही होईल. उद्घाटन एकत्र करू.

गच्चीवरचा_रेडिओ

अवांतर, पण गीताबेनच्या गोष्टीचं शेपूट राहिलं. १९६९ मध्ये तोच डेव्हिड ट्यूडर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि मूग नावाच्या सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करून दिला. गीताबेनसह काही भारतीय मंडळींनी तिथे काम केलं. थोड्याच वर्षांत सगळं थांबलं. ध्वनिफिती कपाटात पडून. २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक बाहेर आल्या. मी ऐकल्या. काही निव्वळ बटणं फिरवून बघितल्यासारख्या आहेत. एक-दोन अशा आहेत की वाटतं, या लोकांना अजून दहा वर्षं द्यायला हवी होती.

वाडीतल्या_बाई
वर्गात करून पाहिलं

हा धागा वाचून परवा सहावीच्या वर्गावर प्रयोग केला. कोकणातली शाळा, पोरं तेवीस. सांगितलं, साडेचार मिनिटं गप्प, मग जे ऐकलं ते वहीत लिहायचं. फळ्यावर 'संगीत' वगैरे काही लिहिलं नाही.

आलेली यादी : माडाची झावळी पत्र्यावर घासते. पाचवीतले पाढे. रस्त्यावर एसटीचा गिअर. पोषण आहाराचं पातेलं. वांदर कौलावर, एक मोठं आणि एक पिल्लू. (हे कसं कळलं विचारलं तर, "बाई, पिल्लाचे पाय टकटक वाजतत.") बाईंची बांगडी. बाईंचं पोट.

एका मुलाने लिहिलं होतं : "माझी पेन्सिल पडली. मी मुद्दाम पाडली. लय शांत झालं होतं आणि तिथे काहीतरी पायजे होतं." विचारलं, मग आधी का नाही पाडलीस? म्हणाला, आधी एसटी होती.

जोशीबुवा

बाई, त्या पोराला कुणाकडे तरी तबला शिकायला घाला. हात जोडून सांगतो.

तीनताल_सोळा

बुवांना +१. एसटीनंतर दम सोडून पेन्सिल. समेवर.

पेटीवाला_पुणे

मंडळी, भाच्याचा निरोप. पुढच्या महिन्यात त्याच सभागृहात पुन्हा आहे. माझ्याकडे दोन जादा तिकिटं आहेत. बुवा, येता का? पहिल्या रांगेत बसू, कुकर डाव्या हाताला येतो.

जोशीबुवा

येईन. पटलंय म्हणून नाही. तो मुलगा हसतो का ते बघायला.

खवट_खोबरं

दुसरं तिकीट मला. पण आधी विचारलेल्याचं उत्तर आलं नाही. चहा कसा असतो?

पेटीवाला_पुणे

बरा असतो. फुरका मारलेला चालतो.